चेक काढण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचं एक छोटं शहर आहे. वस्ती जेमतेम पस्तीस हजारांची, बहुतेक कष्टकरी कुटुंबं, त्यातली कितीतरी मेक्सिकोतून येऊन स्थायिक झालेली. २०१० च्या जुलैत 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने बातमी छापली की या शहराचा मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार घेतो. त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार होता चार लाख. अर्धवेळ काम करणारे नगरसेवकही लाखभर डॉलरच्या आसपास घेत होते. लोक संतापले, सभागृहात गर्दी झाली, राजीनामे झाले.

पण पगाराचा आकडा कळला म्हणजे प्रकरण कळलं असं नाही. एवढा पैसा आला कुठून? ते बातमीने कळत नाही, त्यासाठी वह्या उघडाव्या लागतात. त्या उघडायला माणसं पाठवली कॅलिफोर्निया राज्याच्या कंट्रोलरने. त्यांना दिसलं की कर्मचाऱ्यांच्या पेन्शनच्या नावाखाली घरांवरचा कर अधिकार नसताना वाढवलेला होता. जादा वसुली सुमारे तीस लाख डॉलरची. ते पैसे ज्यांच्या खिशातून गेले त्यांनाच मिळावेत म्हणून विधिमंडळाला वेगळा कायदा करावा लागला. रिझोला पुढे २०१४ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. मला मात्र त्या शिक्षेपेक्षा घरपट्टीचे परत आलेले पैसे मोठे वाटतात.

हा कंट्रोलर कोण? आपल्याकडे सरकारी बिल पास करतं कोषागार आणि नंतर तपासणी करतात महालेखापाल. कॅलिफोर्नियात या दोन्ही कामांचा मोठा भाग एकाच कचेरीत येतो, आणि त्या कचेरीचा प्रमुख थेट लोक निवडून देतात, दर चार वर्षांनी, गव्हर्नरपेक्षा वेगळ्या मतपत्रिकेच्या ओळीवर. त्यामुळे गव्हर्नर त्याला घरी पाठवू शकत नाही. २००७ ते २०१५ या काळात या जागेवर जॉन चिआंग होते, तैवानहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा. बेलनंतर त्यांनी राज्यातल्या शहरांना आणि काउंट्यांना पगाराचे आकडे द्यायला लावले आणि ते सगळ्यांना बघता येतील असे इंटरनेटवर ठेवले.

२०११ च्या जूनमध्ये त्यांनी आमदारांचे पगार थांबवले. १५ जूनपर्यंत अंदाजपत्रक मंजूर झालं नाही तर आमदारांना पगार नाही, असा नियम मतदारांनीच आदल्या वर्षी केला होता. आमदारांनी मुदतीत अंदाजपत्रक मंजूर केलं, पण चिआंग यांनी बेरीज करून पाहिली तेव्हा १८५ कोटी डॉलरचा मेळ बसेना. आमदारांचं बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं, तरी चेक निघाले नाहीत. पुढे न्यायालयाने निकाल दिला की अंदाजपत्रक समतोल आहे की नाही हे ठरवणं कंट्रोलरचं काम नाही. मला तो निकाल पटतो. चेकवर हात असलेल्या माणसाने विधिमंडळाच्या खुर्चीत बसायचं नसतं. पण आपल्याच पक्षाला नाराज करायची त्यांची तयारी होती, हेही विसरता येत नाही.

आता ज्या कामाबद्दल मला खरोखर जीव तोडून सांगायचं आहे, ते आयुर्विम्याचं.

एखाद्या माणसाने तरुणपणी पॉलिसी काढलेली असते. घरात कुणाला ठाऊक नसतं. कागद कपाटात, नाहीतर घर बदलताना हरवलेले. माणूस जातो. वारस मागत नाहीत, कारण मागायचं काय हेच त्यांना माहीत नसतं. कंपनीही देत नाही, कारण कुणी मागितलं नाही. कंट्रोलरच्या तपासणीत एक गोष्ट उघड झाली. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खात्याकडे मृतांची यादी असते. ॲन्युइटीचे, म्हणजे माणूस जिवंत असेपर्यंत कंपनीने त्याला द्यायचे हप्ते असतात तिथे काही विमा कंपन्या ही यादी वापरत होत्या, म्हणजे माणूस गेला की हप्ते बंद. आणि त्याच माणसाच्या विम्याची रक्कम वारसांना द्यायची वेळ आली की ती यादी उघडायचीच नाही! काही पॉलिसींत तर माणूस गेल्यावरही साठलेल्या रकमेतूनच प्रीमियम कापला जात होता, ती रक्कम संपून पॉलिसी बंद पडेपर्यंत.

एखाद्या विधवेने एकटीने हे कसं शोधून काढावं? तिच्या हातात एकही कागद नाही. इथे कंपनीला 'यादी दाखवा' म्हणू शकेल असा अधिकारीच लागतो. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि इतर राज्यांनी मिळून हा प्रश्न लावून धरला. २०११ मध्ये जाहीर सुनावणी झाली, एकेक कंपनी समझोत्याला आली. २०१२ मध्ये मेटलाइफने केलेल्या समझोत्यातून वारसांना जाणारी रक्कम अंदाजे पन्नास कोटी डॉलरची होती.

बेवारस पडलेला पैसा ठरावीक मुदतीनंतर कंपन्यांना राज्याच्या स्वाधीन करावा लागतो. बँक खात्याला साधारण तीन वर्षं, न उचललेल्या पगाराला एकच वर्ष. राज्य तो सांभाळतं, आणि मालक किंवा वारस केव्हाही मागू शकतात. पण इथे राज्याचंही चुकलं होतं. मालकाला धड न कळवताच मालमत्ता ताब्यात घेतली जात होती, लोकांचे शेअर विकले जात होते. २००७ मध्ये संघीय न्यायाधीशांनी ही सगळी योजनाच थांबवली. मग कायदा बदलला आणि ताबा घेण्याआधी मालकाला पत्र पाठवणं राज्यावर बंधनकारक झालं. राखणदारालाही जाब विचारणारं कुणीतरी लागतं, ते इथे न्यायालय होतं.

हे इतकं तपशिलात सांगते आहे, कारण आपली कितीतरी माणसं सॅन होजे, फ्रीमॉन्ट, सनीव्हेलला नोकरी करून पुण्यामुंबईला परतली आहेत. माझा मावसभाऊ त्यांतलाच. परत येऊन नऊ वर्षं झाल्यावर एका रविवारी त्याने कंट्रोलरच्या संकेतस्थळावर सहज आपलं नाव घातलं. जुन्या कंपनीचा शेवटच्या पंधरवड्याचा पगार त्याच्या नावावर तसाच पडलेला होता. चेक त्याने सोडलेल्या घराच्या पत्त्यावर गेला होता.

शोधायला पैसे लागत नाहीत. कुणी एजंट टक्केवारी मागत असेल तर आधी स्वतः शोधून पाहा. भारतातल्या बँकांत दहा वर्षं पडून असलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ पासून 'उद्गम' नावाचं असंच एक पोर्टल चालवलेलं आहे. शोधताना आडनावाची सगळी स्पेलिंगं घालून बघा. भावाचं नाव पहिल्या खेपेला सापडलंच नव्हतं, कारण कंपनीच्या कागदावर आडनावातलं एक अक्षर गळलेलं होतं.

नमस्कार.