पत्ता कुठला लिहिला?

(सांगलीत डॉक्टर, लॅबचालक आणि आशाताईंपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. जिल्ह्यात साथरोगाचं काम बघत होतो तेव्हाची एक नोंद मनातून जात नाही, तिथूनच सुरुवात करतो.

जत तालुक्यातल्या एका वस्तीवरचा पोरगा तापाने फणफणला म्हणून घरच्यांनी मिरजेला आणला. मोठं दुखणं म्हटलं की आपल्याकडे मिरजच. सोलापूरच्या बाजूचे, अथणी-विजापूरकडचेही इथेच येतात. केस पेपरच्या खिडकीवर भावाने मिरजेतल्या मावशीचा पत्ता सांगितला, कारण तो मावशीकडेच उतरला होता. डेंग्यूची एलायझा ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. दवाखान्याने वेळेत कळवलं, कसूर कुणाचीच नव्हती. पण गावाच्या रकान्यात होतं मिरज.

आमची माणसं मावशीच्या गल्लीत गेली. फवारणी झाली, कुंड्या-टाक्या तपासल्या, काही सापडलं नाही. वस्तीवर मात्र कुणी फिरकलं नाही. पुढच्या पंधरवड्यात तिथलेच आणखी पाच जण आजारी पडले. मग मी स्वतः गेलो. टँकरचं पाणी आठवड्याने येतं म्हणून प्रत्येक दारात निळे बॅरल भरून ठेवलेले. एकाचं झाकण उचललं, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. घरातली बाई म्हणाली, “डॉक्टर, हे ओतून दिलं तर प्यायचं काय?” तिच्यापुढे कोरड्या दिवसाचं, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा असं, भाषण करायला माझी जीभ रेटेना. आम्ही बॅरलवर कापड बांधलं, टेमिफॉस हे अळ्या मारायचं औषध टाकलं. हे पंधरा दिवस आधी व्हायला हवं होतं.

त्या पंधरा दिवसांचा हिशेब बघा. डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात तापाचे पहिले चार-पाच दिवस विषाणू असतो. तेव्हा चावलेला डास साधारण आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ लागतो. हा डास फार लांब उडत नाही, त्याच वस्तीत फिरतो. म्हणजे आपल्या हातात आठवडाभराचा वेळ असतो, तोही योग्य वस्ती कळली तरच. औषध रुग्णाला मिळतंच. नोंद असते ती त्याच्या शेजाऱ्यासाठी.

२००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. सिस्टरांनी लक्षणांवरून भरायचा एस फॉर्म, डॉक्टरांच्या अंदाजाचा पी आणि लॅबचा एल. सोमवार ते रविवारचे आकडे, आठवड्यातून एकदा. त्यात माणूस दिसायचा नाही, फक्त बेरीज: ‘ताप ११’. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या जागी आयएचआयपी हा रोगांच्या नोंदीचा ऑनलाइन पोर्टल देशभर सुरू झाला. तेहतीस आजार आणि एकेका रुग्णाची नोंद गावासह. मोबाईलवर भरली की तालुक्याला त्याच दिवशी दिसते. एकाच पाण्याच्या टाकीवरच्या तीन गावांत जुलाब लागले, तर नकाशावर तीन ठिपके जवळजवळ उमटतात. मग पाण्यात क्लोरीन आहे का बघायची ओटी टेस्ट कुठे घ्यायची, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर कुठे कमी पडली, हे विचारत बसावं लागत नाही.

पण मशीनला मावशीचं घर आणि वस्ती यातला फरक कळत नाही. तो कळतो खिडकीवर बसलेल्या माणसाला. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, ‘पत्ता सांगा’ असं विचारू नका. ‘ताप येण्याआधी पंधरा दिवस कुठे झोपत होतात?’ असं विचारा. नुसतं ‘वाडी’ लिहू नका, आपल्याकडे वाड्या किती! तालुका लिहा, वस्तीचं नाव लिहा, चालू मोबाईल नंबर घ्या. एकच रुग्ण तीन दवाखान्यांतून तीनदा येतो, एकदा ‘पाटील’ म्हणून आणि एकदा ‘पाटिल’ म्हणून. तो एकच आहे हे नंबरवरून कळतं.

दुसरं म्हणजे शून्य. या आठवड्यात एकही रुग्ण नसेल तर शून्य भरा. रकाना रिकामा राहिला, तर रुग्ण नव्हते की कुणी भरलंच नाही, हे वर बसलेल्याला कळत नाही.

काही डॉक्टर खासगीत म्हणतात, “नाव कळवलं तर सरकारी माणसं दारात येतात आणि पेशंट दुसरीकडे जातो.” ही भीती खोटी नाही. १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा आला. त्याच वर्षी पुण्यात गोरे सैनिक घराघरांत घुसून प्लेगचे रुग्ण शोधत होते, आणि लोक दुखणेकरी लपवत होते. त्याच साथीत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले रुग्णांना स्वतः उचलून आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यातच १० मार्चला त्या गेल्या. लोक कुणाला दार उघडतात, याचा विचार आमच्या खात्यानेही करायला हवा. नोंदीतलं नाव गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं, तर पुढचा रुग्ण खोटाच पत्ता देणार. असं घडलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या घरी जाऊन मी माफी मागितली आहे.

जतच्या त्या वस्तीवर आता एक आशाताई आहे. मिरजेतून नोंद आली की ती आधी रुग्णाच्या घरी फोन करते आणि विचारते, “बॅरल कुठल्या बाजूला ठेवलाय?”