तवंग आला की झालं: शेंगदाण्याच्या रश्शाची गोष्ट

(दृश्य: इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा सकाळचा बाजार. काळ्या दगडाची पसरट कुंडी. शेजारी उकडलेल्या भाज्यांची परात.)

या दगडी कुंडीला इथे चोबेक म्हणतात आणि बत्त्याला उलेकान. पण या बत्त्याने कुटत नाहीत. त्याची मूठ वाकडी असते. मनगट वळवून तो पुढे रेटायचा आणि मागे ओढायचा. ज्यांनी पाट्यावर वाटण वाटलंय, त्यांच्या हातांना ही हालचाल लगेच ओळखू येईल.

आधी मिरची, मीठ, लसूण. मग केन्चुर, म्हणजे आल्याच्या कुळातला कापरासारख्या वासाचा एक छोटा कंद. मग चिमूटभर तेरासी. बारीक कोळंबी आंबवून, वाळवून केलेली ही वडी भाजायला घेतली की शेजारपाजाऱ्यांनाही कळतं. त्यावर शेंगदाणे. आपण दाणे भाजतो, इथे बहुतेक जण तळतात. शेवटी गूळ, चिंचेचा कोळ आणि थोडं पाणी.

गिऱ्हाईक समोर उभं असतं. विक्रेती त्याला एकच प्रश्न विचारते: मिरच्या किती? त्याच्या उत्तराप्रमाणे वाटण होतं, एका माणसासाठी एक. मग त्याच कुंडीत उकडलेली पालेभाजी, मोड, टोफू आणि सोयाबीन आंबवून केलेलं टेम्पे घोळवलं जातं. हे झालं गादो-गादो. हाच मसाला सैल करून उकडलेल्या पालेभाज्यांवर ओतला की पेचेल. काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाबरोबर दिला की साते. साते म्हटलं की शेंगदाण्याचा रस्सा आलाच, असं बाहेरच्यांना वाटतं. पण सुमात्रातल्या पादांगच्या सातेवर हळदीचा, तांदळाच्या पिठाने दाट केलेला रस्सा असतो, त्यात शेंगदाणा नसतो.

(दृश्य: उपटलेलं भुईमुगाचं झाड. मुळांना लगडलेल्या ओल्या शेंगा, माती झटकणारे हात.)

इंडोनेशियात शेंगदाण्याला काचांग तानाह म्हणतात. काचांग म्हणजे कडधान्य, तानाह म्हणजे माती. आपला भुईमूगही तसाच, भुईतला मूग. मेक्सिकोत नाहुआत्ल बोलणाऱ्यांनी त्याला जमिनीतला कोको म्हटलं. इतक्या दूरदूरच्या भाषांनी आपापल्या घरातला दाणा घेतला आणि त्याला माती जोडली. याचं कारण झाडातच आहे. पिवळं फूल जमिनीच्या वर येतं, पण फळ धरलं की देठासारखा एक कोंब खाली वळतो आणि मातीत शिरतो. आपले शेतकरी म्हणतात, आऱ्या सुटल्या. शेंग भरते ती अंधारात.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पेरूमधल्या सिपान इथे १९८७ मध्ये मोचे संस्कृतीतल्या एका अधिपतीचं थडगं उघडलं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या थडग्यात एक हार होता. एका बाजूला सोन्याच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला चांदीच्या. शेंगेच्या सालीवरची जाळीसुद्धा धातूत उतरवलेली. ज्याला हा दाणा ठाऊक होता, त्याच्यासाठी तो किती मोलाचा असेल!

तिथून पुढे जहाजं आली. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेला. स्पॅनिश गलबतं मेक्सिकोहून फिलिपिन्सला जात, त्यांतून तो आशियात पोचला. फिलिपिन्समध्ये त्याची कारे-कारे झाली. बैलाचं शेपूट, आतडी, भाज्या आणि शेंगदाण्याचा दाट रस्सा, दाटपणासाठी भाजलेल्या तांदळाची पूड. हा रस्सा मुद्दाम जवळपास अळणी ठेवतात. मीठ येतं ते बाजूला वाढलेल्या बागोओंगमधून, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीतून. प्रत्येक घासाचं खारटपण खाणारा स्वतः ठरवतो.

(दृश्य: सेनेगल. मोठं पातेलं, संथ उकळी, लाकडी पळी.)

पश्चिम आफ्रिकेत भुईमूग परका वाटलाच नाही. जमिनीखाली शेंग धरणारं स्वतःचं एक कडधान्य तिथे आधीपासून होतं, बांबारा नावाचं. पेरायचं कसं, काढायचं कसं, हे हातांना माहीत होतं. पदार्थही लगेच जुळले. शेंगदाण्याच्या रश्शाला मालीत तिगा देगे ना म्हणतात, सेनेगलमध्ये माफे.

कांदा परततात, टोमॅटो शिजवून गडद करतात, मांस घालतात. मग दाण्याचा लगदा पाण्यात कालवून सोडतात. कोबी, गाजर, रताळं आणि कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, मोठ्या फोडींनी जातात. एक झणझणीत मिरची अख्खी वर ठेवतात, ती फुटू द्यायची नाही.

आणि मग वाट बघायची. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. वाटताना ते मोकळं होतं. थोडं पाणी पडलं की लगदा आधी आवळतो, आणखी पाण्याने सैल होतो, आणि उकळू लागला की पुन्हा दाटतो. या वेळी पळी थांबली तर तळाला लागलंच म्हणून समजा. मंद आचेवर पुरेसा वेळ दिला की तेल वर येतं, तांबूस, चकचकीत. तवंग दिसला की माफे झालं. डब्यातलं गोड पीनट बटर पाण्यात ढवळून दोन मिनिटांत जे होतं, त्याला मी शेंगदाण्याचा रस्सा म्हणणार नाही. त्यात हा वेळ नसतो.

याच सेनेगलमध्ये या दाण्यासाठी माणसांनी फार सोसलं आहे. फ्रेंचांना तेल आणि साबणासाठी शेंगदाणा हवा होता. १८८५ मध्ये डाकार ते सेंट-लुईस रेल्वे सुरू झाली आणि भुईमूग तिच्यावरून बंदराकडे जाऊ लागला. ज्वारी-बाजरीची रानं भुईमुगाखाली गेली. खायला मग फ्रेंचांच्याच ताब्यातल्या इंडोचायनातून कणीचा तांदूळ आला. आज माफे भातावर वाढतात, तेव्हा त्या ताटात हा सगळा व्यवहार असतो. गोष्ट चवीची म्हणून तो वगळणं मला बरोबर वाटत नाही.

जावाच्या रश्शाचंही तसंच. १८९० ते १९३९ या काळात डचांनी सुमारे ३३,००० जावानी मजूर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला नेले. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याचा रस्साही गेला, आणि दाणा जिथून निघाला त्याच खंडात परत पोचला, पण चिंचेची आणि केन्चुरची चव घेऊन. नेदरलँड्समध्ये तो तळलेल्या बटाट्यावर मेयोनीज आणि कच्च्या कांद्याबरोबर पडतो. त्या पदार्थाच्या नावात युद्ध हा शब्द आहे, पातात्ये ओरलोख.

(दृश्य: महाराष्ट्रातलं स्वयंपाकघर, एकादशी. वाफाळलेली भगर.)

आपल्याकडे तो उपासाला बसला. साबुदाण्याचा कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा, चौघेही अमेरिकेतले. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी यातलं काहीच आपल्या ताटात नव्हतं. गव्हा-तांदळाला जिथे मनाई, तिथे हे सोवळ्यात गेले.

दाणे खमंग भाजायचे, हातावर चोळून सालं पाखडायची, मिरची-जिऱ्याबरोबर मऊ वाटायचे. तुपात जिऱ्याची फोडणी, वाटण, पाणी, सैंधव, गुळाचा खडा. आणि आमसुलं, दोन किंवा तीन. जावात चिंच, सेनेगलमध्ये टोमॅटो, इथे कोकम. दाण्याच्या जडपणाला प्रत्येक मुलखाने आपल्याच आवारातलं आंबट शोधलं.

आमटी दाटू लागते. पळी तळापर्यंत फिरते. आमसुलांचा रंग कडेने सुटतो, आणि मधोमध, बुडबुड्यांच्या भोवती, तेलाची पहिली बारीक कडी दिसते.

(दृश्य: गॅस बंद करणारा हात. भगरीच्या मुदीत खळगा. त्यात पहिली पळी.)