खळीचा पापुद्रा

नमस्कार श्रोतेहो. खळ म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. उभ्या सुताला खळ लागली नाही तर मागावर घासून घासून सूत तुटतं. ही खळ म्हणजे शिजवलेला स्टार्च. पण नुसत्या स्टार्चची खळ वाळली की ठिसूळ होते, तिचे पापुद्रे झडतात. म्हणून सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ देणारे, तिच्यात पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळतात. ते कारखान्यातलं, पण चिवट.

स्टार्चच्या प्लास्टिकची, म्हणजे स्टार्च घालून केलेल्या पिशव्यांची, गोष्ट याहून फार वेगळी नाही.

मी घरी कॉर्नफ्लोअरची खळ ताटात पसरून पाहिली. वाळलेला पापुद्रा उचलला, तर कडक भाकरीसारखा मोडला! दुसऱ्या खेपेला थोडं ग्लिसरीन घातलं, तेव्हा तो छान वाकला. पंधरा दिवसांनी मात्र पुन्हा ताठ. शिळी भाकरी ताठरते ना, तसंच: स्टार्चच्या रेणूंच्या साखळ्या परत एकमेकींना बिलगतात. पाऊस आला की हाच पापुद्रा बोटाला चिकटतो, आणि पीव्हीए मिसळूनही ही खोड जात नाही, कारण तेही पाण्यात विरघळणारंच.

पाणी न सोसणाऱ्या स्टार्चला मग पाण्याशी फटकून वागणारा जोडीदार शोधावा लागला. १९७० च्या दशकात पॉलिथिनमध्ये स्टार्चची पूड मिसळून पाहिली. जंतूंनी स्टार्च खाल्ला, पॉलिथिनच्या चिंध्या तशाच उरल्या. माझ्या मते ती फसवणूकच. आता पीबीएटी नावाचं प्लास्टिक वापरतात. तेही मुख्यतः खनिज तेलातूनच येतं, पण जंतूंना पचतं. अडचण एवढीच, की स्टार्चला पाणी हवं, पीबीएटीला नको. दोघं एकजीव होत नाहीत आणि ते जिथे भेटतात तिथेच पिशवी फाटते. तिथे मॅलेइक अॅनहायड्राइडसारखं रसायन थोडंसं घालतात. ते मध्यस्थासारखं दोघांचे हात धरतं. मग पीबीएटी स्टार्चच्या कणांना वेढून बसतं आणि पाणी सहज आत शिरत नाही.

परवा मंडईतून अशाच एका पिशवीत ओली मेथी आणली. घरापर्यंत पिशवीनं तग धरला. नंतर ती कुंडीत पुरली. महिना झाला, आहे तशीच आहे. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारी, असं छापलंय, ते खोटं नाही. पण त्यासाठीची चाचणी साधारण ५८ अंशांवर, ओलसर कंपोस्टमध्ये होते. आपली कुंडी तेवढी तापत नाही, सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा!