इमॅजिकाला जाताय? मग पालीला सकाळी थांबू नका!

नमस्कार मंडळी. मे महिना लागला की माझ्या सोलकढीच्या व्हिडिओखालीसुद्धा एकच प्रश्न येतो: "ताई, इमॅजिकाला कधी गेलं की गर्दी नसते?" अहो, मी इथे आमसुलं भिजत घालतेय आणि तुमचं लक्ष रोलर कोस्टरवर! बरं, आज बोलूनच टाकते.

सगळ्यांना माहीत असलेलं आधी उरकते. तिकीट ऑनलाइन काढा. शनिवार-रविवार नको. वॉटर पार्क आणि थीम पार्क एकाच दिवसात कोंबू नका, दोन्ही धड होत नाहीत. पायात बूट घाला. झालं.

आता खरं दुखणं. आपण श्रीवर्धनकडची माणसं म्हसळा, माणगाव, कोलाड करत येतो आणि वाकण फाट्याला उजवीकडे पालीला वळतो. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. म्हणजे मुंबईकर एक्सप्रेसवेवर अडकलेला असतो तेव्हा आपण मागच्या दाराने पोचतो. केवढी सोय! पण वाटेत पाली आहे ना. बल्लाळेश्वर वाटेत असताना आपली गाडी सरळ पुढे जाईल होय?

पहिल्या वेळी आम्ही सतरा जणं होतो, टेम्पो ट्रॅव्हलर केलेली. पहाटे साडेचारला निघालो, पालीला वेळेत पोचलो. सासूबाई म्हणाल्या, "पाचच मिनिटं गो, नुसते हात जोडायचे." उतरलो. आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन, मग बल्लाळेश्वर, तो नियमच आहे. मग दुर्वा विसरल्या म्हणून परत. मग काकांना चहा. मग धाकटीची चप्पल सापडेना. पार्कात शिरलो तेव्हा सव्वाबारा! नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत दीड तास, मे महिन्यातल्या उन्हात. आणि सासूबाई मलाच विचारतायत, "एवढी रांग कशी गो?"

आता कशी ते सांगते. दिघीहून आगरदांड्याला गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट, आपली जंगल जेट्टी, बघितलीय ना? बोटीत गाड्या मावतात तेवढ्याच मावतात. तुम्ही पाच मिनिटं उशिरा आलात आणि पुढे लग्नाच्या वऱ्हाडाच्या चार गाड्या लागल्या, की बोट डोळ्यादेखत सुटते आणि तुम्ही धक्क्यावर. राइडचं तेच आहे. एका फेरीत बसणारी माणसं ठरलेली. सकाळी गेट उघडतं तेव्हा मागचं कोणी साठलेलं नसतं, म्हणून पहिला दीड तास सोन्याचा. दुपारी तुम्ही उभे राहता ते सकाळपासून साठलेल्या गर्दीच्या मागे.

म्हणून गेट उघडायच्या पाऊण तास आधी दारात. नाश्ता गाडीतच, घावणे आणि चटणी डब्यात. आत शिरल्यावर पहिली दिसेल त्या राइडला चिकटू नका, सगळे तेच करतात. तडक नायट्रो गाठा, मग डीप स्पेस हा दुसरा रोलर कोस्टर. सलीमगढ, मिस्टर इंडिया या आतल्या राइड नंतर करा. त्याही भर दुपारी नकोत, कारण उन्हाला कंटाळून सगळं गाव तिकडेच घुसतं. लोक जेवायला बसले की तुम्ही रांगेत जा, आणि जेवण तीनला.

मागच्या व्हिडिओवर एका दादांनी लिहिलं होतं, "देवाला टाळून मजा करायची ही कुठली संस्कृती?" अहो दादा, टाळायला कोण सांगतंय! परतताना थांबा. सकाळी पाली म्हणजे दुपारी दीड तास रांग, एवढंच माझं म्हणणं. दुसऱ्या एका ताईंनी विचारलं, "मग महडला गेलो तर चालेल का?" त्यावर खाली चाळीस जणांचं भांडण, कारण अर्ध्यांनी महाड वाचलं. महाड म्हणजे चवदार तळ्याचं, 1927 च्या सत्याग्रहाचं. महड खोपोलीजवळचं, वरदविनायकाचं. एका कान्याने केवढा फरक पडतो बघा! तर ताई, महडही संध्याकाळीच.

मंगळवारी गर्दी कमी, हे सगळे सांगतात. पण कालनिर्णय उघडून बघा. त्या मंगळवारी संकष्टी असली तर ती अंगारकी, आणि पालीच्या रस्त्यावर मुंगी शिरणार नाही. मग तुम्ही पालीला थांबा नाहीतर थांबू नका, अडकणार तिथेच. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारीही शाळांच्या सहली असतात. आम्ही एकदा गेलो तर बाहेर एसटीच्या बसगाड्यांची ओळ, आणि आत पिवळ्या टोप्या घातलेली दोनशे पोरं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मोकळं असतं, पण जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात.

रांग टाळायचा जादा पैशांचा पास मिळतो. मधल्या वारी मी तरी घेणार नाही. त्यापेक्षा घरातून निघताना पोरांची उंची मोजा. माझा भाचा चाळीस मिनिटं रांगेत उभा राहिला आणि पट्टीपाशी दोन बोटं कमी पडला. त्याचा रडका चेहरा घेऊन उरलेला दिवस काढलाय आम्ही. चूक आमचीच, पाटी रांगेच्या तोंडाशीच होती.

आमची पिढी गोराईच्या एस्सेलवर्ल्डवर वाढली, 1989 चं ते. शाळेची सहल बोटीतून जायची तर बाकी पोरं नुसत्या बोटीलाच हरखायची. आम्ही किनाऱ्यावरची पोरं, आम्हाला बोटीचं कसलं कौतुक! इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं आणि आमच्या दारातून तिथपर्यंत सरळ गाडीच जायला लागली.

दुसऱ्या वेळी मात्र मी ड्रायव्हरलाच बजावलं होतं, सकाळी पालीत ब्रेक लावायचा नाही. सासूबाईंनी गाडीतूनच कळसाला हात जोडले आणि तासभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी परतताना उतरलो. गाभाऱ्यासमोर पंधरा-वीस माणसं, निवांत दर्शन. बाहेर येऊन पायात चप्पल सरकवत म्हणाल्या, "हे मागच्या वेळेला नाही सुचलं होय गो तुला?"