नाडी शंभरच्या वर गेली की वाद थांबवायचा

नमस्कार सगळ्यांना. समोर समुपदेशन करणारी मंडळी आहेत, एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्य शिकणारी मुलंमुली आहेत, आणि मागं काही जोडपी पण बसलीयत असं आयोजकांनी सांगितलं, तर मी सगळ्यांना कळेल असंच बोलते.

आपल्या सांगली-साताऱ्याकडं नवरा-बायकोचं बिनसलं की आधी बैठक बसते. मामा येतात, मेहुणे येतात, चहा होतो, मग ज्यानं त्यानं आपली बाजू मांडायची, चूक कुणाची ते वडीलधाऱ्यांनी ठरवायचं आणि ज्याची ठरली त्यानं "परत नाही होणार" म्हणायचं. पुढच्या महिन्यात परत तेच. कारण भांडण कशावरून झालं हे बैठकीत निघतं, पण ते पेटतं कसं हे कुणी बघतच नाही. आणि खरं सांगते, आपल्यातले बरेच समुपदेशक पण खुर्चीत बसून तीच बैठक चालवतात. दोघं आपल्याकडं बघून बोलतात, आपण मान हलवतो, न्यायाधीश होऊन बसतो. माझं आज एवढंच म्हणणं आहे की आपलं पहिलं काम निकाल देणं नाही, भांडणाचा वेग कमी करणं आहे. बाकी सगळं त्यानंतर.

अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात जोडप्यांना प्रयोगशाळेत समोरासमोर बसवलं, अंगाला सेन्सर लावले आणि सांगितलं की तुमच्यात ज्या विषयावर वाद होतो त्यावर बोला. एकीकडं कॅमेरा, एकीकडं हृदयाचे ठोके, घाम सगळं मोजणं चालू. त्या कामातून गॉटमन यांनी जे मांडलं ते थेरपीत रोज उपयोगी पडतं. बसल्या जागी ठोके मिनिटाला साधारण १०० च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, म्हणजे कान उघडे असतात पण डोक्यात शिरत नाही, विनोद कळत नाही, माफी मागितलेली कळत नाही, फक्त हल्ला कळतो. शरीर मारामारीच्या नाहीतर पळून जायच्या तयारीत असतं. त्या अवस्थेत तुम्ही कितीही शहाणपणाचं बोला, वाया जातं.

आता हे आपल्या इथं कसं दिसतं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदललेत. एक जोडपं, तिशीतलं. ती बोलायला लागली की थांबायची नाही, "तुम्हाला कधी माझं ऐकायचंच नसतं, मी भिंतीशी बोलतेय का", आणि तो खाली फरशीकडं बघत गप्प, चेहऱ्यावर काहीच नाही. ती मला म्हणाली, बघा मॅडम, ह्यांना काही फरकच पडत नाही. कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर घेतले होते ना, तसला एक माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतो. मी त्याला विचारलं, लावू का बोटाला? लावला. नाडीचा आकडा ११८. माणूस जागचा हलला नव्हता. मी तो आकडा तिला दाखवला, काही बोलले नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" त्या दिवसाचं सेशन तिथून सुरू झालं असं मी म्हणेन, आधीचा अर्धा तास गेला तो गेलाच.

हा आकडा म्हणजे निदान नाही हां. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच हळू चालते, अशा माणसाचा आकडा फसवतो. पण गप्प बसलेला माणूस थंड असतो हा जो आपला समज आहे ना, तो तुटायला पाहिजे. गॉटमन यांच्या निरीक्षणात असं भिंत होऊन बसणाऱ्यांत पुरुष खूप जास्त होते. ती जेवढी मागं लागणार तेवढा तो मिटणार, तो जेवढा मिटणार तेवढी ती मागं लागणार, हे चक्र आहे. दोघांनाही ते चक्र बोट ठेवून दाखवायचं, एकाला गुन्हेगार नाही करायचं.

मग थांबायचं कधी? सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, हे इथं पोरासोरांना पाठ आहे, आणि शहाणा माणूस जनावरं चाळीसलाच हलवतो. भांडणात पण तसंच. प्रत्येकाचं चाळीस वेगळं असतं, कुणाचे कान गरम होतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणी भांडी आपटायला लागतं. हे सेशनमध्ये दोघांना शोधायला लावा. मी बोलणं मधेच थांबवून विचारते, आत्ता अंगात कुठं काय होतंय? पहिल्यांदा लोकांना विचित्र वाटतं, मग सवय होते.

आणि थांबण्याला नियम आहेत, नाहीतर ते पळून जाणं होतं. ज्याला थांबायचंय त्यानं स्वतःबद्दल बोलायचं, "माझं डोकं तापलंय, मी साडेनऊला परत बोलतो". "तू आधी शांत हो" हे चालणार नाही, त्यानं आग वाढते. किमान वीस मिनिटं, कारण रक्तातली तणावाची रसायनं उतरायला तेवढा वेळ लागतोच. आणि त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात वकिली करायची नाही, "मी असं म्हणायला पाहिजे होतं", त्यानं ठोके खाली येतच नाहीत. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज टाइप करणं पण त्यातच आलं. माहेरी फोन लावणं, आईला सांगणं हेही तेव्हा नको. दोघांतला ताण वाढला की तिसरा माणूस ओढला जातो हे कुटुंबांवर काम करणारे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी मांडून ठेवलंय, आणि आपल्या घरांत तिसरा माणूस शेजारच्या खोलीतच असतो.

एकत्र कुटुंबात लोक म्हणतात, मॅडम, वेगळं जायला खोलीच कुठंय? गच्चीवर जा, दळण टाकून या, अंगण झाडा. फक्त गाडी काढून सुसाट जाऊ नका. आणि ठरलेल्या वेळेला यायचंच, ज्यानं थांबा म्हटलं त्यानं आधी यायचं. नाही आला तर त्याचा अबोला होतो, आणि चार-चार दिवसांचा अबोला ही शिक्षा असते, विश्रांती नसते.

एक गोष्ट मात्र अगदी ठामपणे. जिथं मारहाण आहे, धमकी आहे, बाई नवऱ्यासमोर बोलायला घाबरतेय, तिथं हे काहीच लागू नाही. तिथं "दोघांनी वेग कमी करा" म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्यावर अर्धी जबाबदारी टाकणं. म्हणून पहिल्यांदा दोघांना वेगवेगळं भेटायचं, नीट विचारायचं, आणि तसं असेल तर जोडप्याचं सेशन बंद. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, ती माहिती तिला एकटीला द्यायची. हे विसरू नका, कृपा करून.

आता मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली होती की वीस मिनिटांनी परत येऊन बोलायचं तरी काय, विषय तर तोच असतो. बरोबर आहे. गॉटमन यांच्या मते जोडप्यांचे दोन-तृतीयांशाहून जास्त वाद कायमचेच असतात, सासरचं-माहेरचं, पैसा, स्वभाव, ते सुटत नाहीत, त्यांच्याबरोबर राहायला शिकावं लागतं. म्हणून परत आल्यावर विषयाला हात घालायच्या आधी एकानं दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, "तुझं म्हणणं असं की मी पगार झाल्यावर तुला न विचारता भावाला पैसे दिले आणि तुला परकं वाटलं, बरोबर?" समोरचा "हो" म्हणेपर्यंत स्वतःची बाजू काढायची नाही. "नाही, अर्धंच बरोबर" म्हणाला तर परत सांगायचं. माझ्याकडं काही जोडप्यांचा पूर्ण तास त्या एका "हो" मध्ये गेलाय, आणि मी घाई केलेली नाही.