दिसते मराठी, ऐकू येते भलतेच

(दृश्य: संगणकावर एक मराठी पीडीएफ. बाणाची कळ दाबल्याचा आवाज. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर एकेक अक्षर बोलतो.)

“ई. जे. के. बी. एच.”

निवेदन:
पडद्यावर स्पष्ट ‘मराठी’ असं लिहिलंय. कानावर मात्र ही पाच इंग्रजी अक्षरं पडली. स्क्रीन रीडर बिघडलेला नाही, फाइलमध्ये जे आहे तेच तो वाचतोय. मजकूर कृतिदेवमध्ये टाइप केलेला आहे. या जुन्या फाँटमध्ये ‘म’ म्हणजे आतून इंग्रजी ‘ई’, वरून नुसता ‘म’चा मुखवटा. छपाईपुरतं हे चालून गेलं. अंध विद्यार्थ्याला ते कसं चालणार?

कायद्याचं म्हणाल, तर ती वाट २०१२ मध्येच मोकळी झाली. कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग वाचकांसाठी, नफा न कमावता, पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ऑडिओत आणायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच कामासाठीच्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये सगळ्यात आधी मान्यता दिली ती भारताने. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तर फुकटच मिळतो, आणि युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीतली, मराठी वाचतोही.

(दृश्य: जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलताना.)

म्हणजे गाडी अडते ती फाइलपाशी. खुला परवाना, म्हणजे साहित्य वापरायची आणि बदलायची मोकळीक, असला की शिक्षकाला धडा दुरुस्त करून पुढे देता येतो. पण हाती पडतात स्कॅन केलेली पानं, म्हणजे मजकुराचे नुसते फोटो! मूळ फाइल मागे ठेवून नुसती पीडीएफ चढवायची आणि तिला खुलं साहित्य म्हणायचं, हे आम्हाला तरी पटत नाही.

मूळ फाइल मिळाली तरी मेहनत आहेच. कृतिदेवमध्ये ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. युनिकोडमध्ये क्रम उलटा. तो बदलताना जोडाक्षरं हमखास विस्कटतात. शिवाय ‘दुःख’मधल्या विसर्गाच्या जागी अनेकदा कोलन टाइप केलेला असतो. डोळ्यांना पत्ता लागत नाही. ऐकताना शब्द मधेच तुटतो. म्हणून शेवटचं प्रूफ कानांनी तपासणारा माणूस हवा.

व्हिडिओला सबटायटल्स हवीत, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. आकृत्यांकडे मात्र कुणी बघत नाही.

(दृश्य: भूमितीच्या पुस्तकातला काटकोन त्रिकोण.)

आकृतीचं लिहिलेलं वर्णनच स्क्रीन रीडर वाचतो. ‘त्रिकोणाचे चित्र’ एवढ्या वर्णनावर गणित सुटत नाही. ‘काटकोन त्रिकोण, काटकोन करणाऱ्या बाजू ३ व ४ सेंमी’ असं सांगितलं, तर सुटतं. कर्ण ५ सेंमी आहे, हेही सांगायचं का? प्रश्नच कर्ण काढण्याचा असेल, तर वर्णनातून उत्तर फुटेल. हे ठरवायला गणिताचा शिक्षकच बसायला हवा.