कलावेव : धातुसेन राजाचं पाणी

(दृश्य: झाडीतून संथ जाणारा रुंद कालवा. एका काठाला मातीचा बांध, दुसरा काठ मोकळा.)

या पाण्याकडे नीट बघा. ते वाहतंय, हे कळायला एखादं पान टाकून थोडं थांबावं लागेल. हा श्रीलंकेतला योद एला. जुनं नाव जयगंगा. कलावेव तलावातून निघून तो अनुराधपूर या जुन्या राजधानीतल्या तिस्सावेव तलावापर्यंत ८७ किलोमीटर जातो. त्यातल्या पहिल्या २७ किलोमीटरांत उतार आहे किलोमीटरमागे जेमतेम १० सेंटिमीटर. मुठीच्या रुंदीएवढा. आणि हे काम आहे पाचव्या शतकातलं.

राजा धातुसेन. राज्यकाळ इसवी सन ४५५ ते ४७३. तरुणपणी त्यानं भिक्खूचं चीवर घेतलं होतं, पुढे शस्त्र हाती घेतलं आणि दक्षिण भारतातून आलेल्या पांड्य राज्यकर्त्यांकडून अनुराधपूर परत मिळवलं. चूलवंस या पाली बखरीत त्याच्या नावावर अठरा तलाव आहेत. कलावेव त्यांतला सर्वांत मोठा.

अनुराधपूर बेटाच्या कोरड्या पट्ट्यात येतं. पाऊस पडतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी. मे ते सप्टेंबर आभाळ कोरडं. आपल्याकडे खरीप-रब्बी, तसे तिथे महा आणि यल हे दोन हंगाम. महाचं भात पावसावर निघतं. यलचं भात निघायचं तर पाणी साठवलेलंच हवं.

(दृश्य: बांधाची पाण्याकडची बाजू. दगडांवर आपटणाऱ्या लाटा.)

कला ओया नदी अडवून हा तलाव झाला. बांध सुमारे सहा किलोमीटर लांब, सगळा मातीचा. शेजारच्या बलालुवेवसह आजची साठवण १२ कोटी ३० लाख घनमीटर.

पाण्याकडच्या उतारावरचे हे दगड शोभेचे नाहीत. एवढ्या मोठ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात आणि रोज एकाच पातळीवर बांध चाटत राहतात. उघडी माती असेल तर तिथे खाच पडते, वरचा भराव त्या खाचेत ढासळतो. म्हणून दगडांचा थर. आपण त्याला पिचिंग म्हणतो, सिंहली शब्द आहे रळपनाव, लाट अडवणारा. शिवाय सांडवा हवाच. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की काही तासांत बांध जातो. कलावेवला दगडी सांडवा आहे.

पण खरा अवघड प्रश्न वेगळाच. पाणी साठवणं एक वेळ जमतं. ते हवं तेव्हा, हवं तेवढंच बाहेर कसं काढायचं?

हिशेब करून बघू. मोरीच्या तोंडावर १० मीटर पाणी उभं असेल, तर तिथे दर चौरस मीटरला १० टन दाब येतो. झडप उघडली की पाणी सेकंदाला जवळपास १४ मीटर वेगानं सुटतं, ताशी ५० किलोमीटर. हा फवारा बांधाखालच्या मोरीतून गेला तर सांधे उखडतो, सांध्यांतून भरावात शिरतो आणि मातीचा कण न् कण बाहेर ओढतो. बांधाच्या पायथ्याशी येणारा पाझर निवळ आहे तोवर ठीक. गढूळ झाला, की समजायचं बांध आतून पोखरला जातोय.

(दृश्य: बिसोकोटुवचा चौकोनी हौद. कॅमेरा वरून आत उतरतो.)

सिंहली कारागिरांचं यावरचं उत्तर म्हणजे बिसोकोटुव. बांधाच्या आतल्या उतारात उभा, आयताकृती हौद. आतून घडीव दगड, त्यामागे विटांचं बांधकाम. तलावातलं पाणी तळाच्या मोरीतून आधी या हौदात येतं. झडप इथेच, वरून चालवायची. पाण्याचा जोर हौदाच्या दगडी भिंतींवर मोडतो, आणि मग शांत झालेलं पाणी बांधाखालून पलीकडे जातं. हे तंत्र धातुसेनाच्या कितीतरी आधीपासून बेटावर होतं. एकोणिसाव्या शतकात सिंचन अभियंता हेन्री पार्कर यांनी असे हौद मोजले, अभ्यासले आणि आधुनिक धरणांतल्या व्हॉल्व्ह टॉवरचं मूळ त्यांत ओळखलं. आमच्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोठी बुद्धी याच चौकोनी खड्ड्यात आहे.

आता पुन्हा कालव्याकडे. उतार जास्त ठेवला तर पाणी काठ खातं. कमी ठेवला तर गाळ बसतो, गवत माजतं. या दोन्हींच्या मधली रेघ जमिनीवर आखायची, तीही टेकाडांना वळसे घालत, समपातळीच्या रेषेला धरून. बांध घातला तो फक्त उताराकडच्या बाजूला. वरची बाजू मोकळी, म्हणून वाटेतले ओहोळ कालव्यातच येऊन मिळतात. सखल जागी पाणी पसरतं, थबकतं, गाळ तिथेच सोडतं. कालवा वाटेत स्वतःच लहान लहान तळी करत जातो.

पाण्याच्या वाटपाचीही रीत आहे. तलाव पुरेसा भरला नाही, तर तलावाजवळची तेवढीच जमीन लागवडीला घ्यायची आणि तीच सगळ्या खातेदारांत त्या हंगामापुरती वाटून द्यायची. याला बेत्म म्हणतात. आपल्या खानदेशातली फड पद्धत, म्हणजे गावानं मिळून बंधाऱ्याचं पाणी वाटून घ्यायची रीत, ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातला समंजसपणा लगेच कळेल.

(दृश्य: संध्याकाळचा तलाव.)

धातुसेनाचा शेवट याच पाण्याशी जोडलेला आहे. मुलगा कश्यप, सिगिरियाच्या खडकावर किल्ला बांधणारा कश्यप, यानं बापाला कैद केलं आणि खजिना कुठे आहे म्हणून विचारलं. बखर सांगते, राजानं स्वतःला कलावेववर न्यायला लावलं. तो पाण्यात उतरला, नाहला, पाणी प्याला, आणि म्हणाला, माझं धन ते एवढंच. त्यानंतर त्याला मारण्यात आलं. याच बखरीत असंही आहे, की बांधकामाच्या वेळी समाधीत बसलेला एक भिक्खू जागचा हलेना, तेव्हा धातुसेनानं त्याच्यावर माती टाकवली होती. राजाचा गौरव करणाऱ्या बखरकारानं हेही लिहून ठेवलं.

बाराव्या शतकात राजा पराक्रमबाहूनं कलावेव दुरुस्त केला. पुढे राजधान्या दक्षिणेकडे सरकल्या, देखभाल थांबली, बांध फुटला आणि तलावाच्या पोटात रान वाढलं. इंग्रजी अमदानीत, १८८७ साली, गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्या काळात तो पुन्हा भरला. १९७६ मध्ये पोल्गोल्ल इथे महावेली नदी वळवली गेली. तेव्हापासून मध्य डोंगराळ भागातलं पाणी बोगद्यांतून, बोवतेन्न जलाशयामार्गे कलावेवमध्ये येतं.

(दृश्य: तिस्सावेव. कालव्याचं पाणी तलावात मिसळतं.)

कलावेवपासून पुढे अनुराधपूरकडे हे पाणी आजही योद एलानंच जातं.